खालचे पाणी : परळमधील एका चाळीतील काविळीच्या साथीचा प्रकरण अभ्यास

नवरात्रातील चौथ्या माळेच्या दिवशी दुपारी आमच्या आरोग्य केंद्रातील एका आरोग्य स्वयंसेविकेने आपली वही माझ्यासमोर उघडून ठेवली. त्या दिवशी सकाळी ती परळमधील एका जुन्या चाळीत क्षयरोगाच्या दोन रुग्णांच्या गोळ्या नियमित चालू आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी गेली होती, आणि परत येताना तिने वहीच्या समासात पेन्सिलीने तीन खोल्यांचे क्रमांक लिहून आणले होते. एक खोली तळमजल्यावरची, एक दुसऱ्या मजल्यावरची आणि एक तिसऱ्या मजल्यावरची होती. तिन्ही घरांत एकेक तरुण माणूस पिवळ्या डोळ्यांनी अंथरुणावर पडलेला होता. "सर, एका चाळीत एकदम तीन काविळी म्हणजे काहीतरी गडबड आहे," एवढेच ती म्हणाली. त्या तिघांपैकी एकाचीही नोंद कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयात झालेली नव्हती, त्यामुळे तिने ते क्रमांक लिहून आणले नसते तर ही साथ आमच्या कागदावर आणखी दोन आठवडे तरी आली नसती.

नोंद नसण्याचे कारण आपल्याकडे कोणालाही ठाऊक असते, मात्र कोणत्याही अहवालात ते लिहिले जात नाही. काविळीचा रुग्ण आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो. डोक्यावर ठेवलेली मुळांची माळ लांबत लांबत छातीपर्यंत येते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते, आणि घरच्यांची खात्री पटते की आजार बाहेर पडला. विषाणूजन्य काविळीतील बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होत असल्यामुळे उतरवणाऱ्याचे यश कधी खोटे ठरत नाही. रुग्णाच्या जेवणातील हळद बंद करण्यावर माझा आक्षेप नाही. मात्र थंडावा म्हणून रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस दिवसातून दोनदा पाजला जातो, तेव्हा गप्प बसणे कठीण होते. तिघांपैकी दोघे अशा माळेवर होते आणि तिसरा कोपऱ्यावरच्या खाजगी डॉक्टरांकडे जात होता.

चाळीची ओळख पटू नये म्हणून तिचे नाव आणि गल्ली येथे दिलेली नाही. रचना मात्र सांगावी लागेल, कारण सगळे प्रकरण त्या रचनेतच दडलेले होते. तळमजला आणि वर तीन मजले, लांब गॅलऱ्या, एकूण ६४ खोल्या, प्रत्येक मजल्याच्या मागच्या टोकाला सामाईक संडास. समोरच्या रस्त्यावरील जलवाहिनीवरून आलेली जोडणी आवारातील जमिनीखालच्या टाकीत पडते, तेथून पंपाने पाणी गच्चीवरच्या टाकीत जाते आणि खोल्यांतील मोऱ्यांना तेच पाणी दिवसभर येते. याखेरीज मागच्या बाजूला तळमजल्यावर एक जुना नळ होता. त्याची जोडणी मागच्या गल्लीतील वाहिनीवरून, दोन चाळींमधल्या घरगल्लीतून येत असे. या नळाला पहाटे साडेचार ते सहा एवढाच वेळ पाणी असे आणि रहिवासी त्याला "डायरेक्ट नळ" किंवा नुसते "खालचे पाणी" म्हणत.

दुसऱ्या दिवशी दोन स्वयंसेविका, एक स्वच्छता निरीक्षक आणि मी असे चौघे प्रत्येक खोलीत गेलो. दिवसभरात तिघांचे सातजण झाले, आणि साथ संपेपर्यंत चाळीतील एकूण रुग्ण ११ झाले. त्यांपैकी नऊजण १८ ते ४० या वयोगटातील होते. मुंबईच्या दाट वस्तीत वाढलेल्या माणसाला हेपटायटिस ए हा आजार सहसा लहानपणीच, बहुधा कोणाच्या लक्षातही न येता, होऊन गेलेला असतो. म्हणून धडधाकट तरुण माणसे एकाच वेळी पिवळी पडू लागली की मनात पहिले नाव हेपटायटिस ई या विषाणूचे यावे. तरीही पावसाळ्याच्या शेवटी या शहरात काविळीचे कारण लेप्टोस्पायरोसिस किंवा मलेरियाही असू शकते, आणि त्या दोन्ही आजारांत उशीर जिवावर बेततो. त्यामुळे प्रत्येकाची मलेरियासाठी रक्ततपासणी झाली, साचलेल्या पाण्यातून चालणे झाले होते का, पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल झाले होते का, लघवी कमी झाली आहे का, हे विचारले गेले. येथे चित्र वेगळे होते. आधी चार-पाच दिवस अन्नावरची वासना उडणे, मळमळ, बारीक ताप, मग चहासारखी गडद लघवी, आणि डोळे पिवळे होताच ताप उतरणे, अशी तक्रार जवळजवळ प्रत्येकाने त्याच क्रमाने सांगितली. पहिल्या पाच रुग्णांचे रक्त प्रयोगशाळेत पाठवले, त्यांपैकी चौघांत हेपटायटिस ई विषाणूविरुद्धची आयजीएम प्रतिपिंडे, म्हणजे ताज्या संसर्गाची खूण, आढळली. हेपटायटिस ए साठीची तपासणी पाचही जणांत नकारात्मक होती.

हेपटायटिस ई मुख्यतः दूषित पाण्यातून पसरतो, त्यामुळे आता प्रश्न पाण्याचा होता. पाण्याचे नमुने रीतसर घेतले गेले. डायरेक्ट नळावर पहाटे पाच वाजता, तोटीचे तोंड ज्योतीने तापवून, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू देऊन, क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट घातलेल्या निर्जंतुक बाटलीत पाणी भरले आणि बाटली बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत गेली. जागेवर ऑर्थोटोलिडिनची चाचणी झाली, जिला आमच्याकडे सगळे "ओटी" म्हणतात. काचेच्या नळीतील पाण्यात थेंब टाकताच ते फिकट पिवळे झाले, म्हणजे क्लोरीन शिल्लक होते. आमच्या कामात हा एक विचित्र योग आहे की नळीत पिवळेपणा दिसला की जीव भांड्यात पडतो आणि डोळ्यांत दिसला की उडतो. दोन दिवसांनी अहवाल आला. पाण्यात मैला मिसळल्याची खूण मानले जाणारे जंतू १०० मिलिलिटरमध्ये नव्हते, ई. कोलाय शून्य, कोलिफॉर्म शून्य. गच्चीवरच्या टाकीचा नमुनाही निर्दोष होता.

या टप्प्यावर प्रकरण जवळजवळ बंद झाले होते. पाणी योग्य आहे, रुग्णांनी बाहेरचे काही खाल्ले असावे, वडापावच्या गाड्यांची तपासणी करावी, असा एक सूर बैठकीत निघाला, आणि मी स्वतः त्याला जोरदार विरोध केला असे म्हणणे खरे होणार नाही. मला खटकत होते ते एवढेच की इतक्या माणसांना एका वेळी आजारी पाडणारी गाडी फक्त एकाच चाळीतल्या गिऱ्हाइकांना कशी निवडते. खरी चूक मात्र त्या अहवालाकडे पाहण्याच्या आमच्या पद्धतीत होती. जुलाबाच्या साथीत आजचा रुग्ण काल किंवा परवा प्यायलेल्या पाण्याबद्दल सांगत असतो, म्हणून आज घेतलेल्या नमुन्याला अर्थ असतो. हेपटायटिस ई विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, सरासरी पाच ते सहा. नवरात्रात पिवळा झालेला माणूस श्रावणातल्या किंवा भाद्रपदातल्या पाण्याची साक्ष देत असतो, आणि आम्ही मात्र अश्विनातले पाणी तपासून श्रावणाला निर्दोष ठरवत होतो.

दोन गोष्टी शोधायच्या होत्या, कोणते पाणी आणि कोणत्या दिवसांतले. दोन्हींची उत्तरे प्रयोगशाळेबाहेर मिळाली.

रुग्ण सर्व मजल्यांवर विखुरलेले होते आणि त्यामुळेच सुरुवातीला पाण्याचा धागा हाती येत नव्हता. आमच्या छापील प्रपत्रात "पिण्याच्या पाण्याचा स्रोत" असा रकाना होता आणि त्यात ६४ पैकी ६४ घरांनी "नळ" असे उत्तर दिले होते. उत्तर खरे होते आणि निरुपयोगी होते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंच्या दारात आमच्या स्वयंसेविकेने प्रपत्र बाजूला ठेवून विचारले, "काकू, सकाळी कळशी कुठे भरता?" काकू म्हणाल्या, "खालीच की. टाकीचं पाणी आम्ही प्यायला घेत नाही. टाकीत काय पडलेलं असतं कोणाला माहीत? माझे मिस्टर होते तेव्हापासून पहाटे खालूनच आणतो." मोरीच्या कट्ट्यावर पितळेची कळशी होती, तिच्या तोंडाला स्वच्छ धुतलेले पांढरे फडके बांधलेले होते आणि वर ओगराळे उपडे घातलेले होते. त्याच घरातील दोघे भाऊ आमच्या यादीत पाचवे आणि सहावे होते.

त्या एका प्रश्नाने आम्ही पुन्हा ६४ दारे वाजवली. पिण्यासाठी खालचे पाणी भरणारी घरे २१ निघाली. साथ संपेपर्यंत त्यांपैकी नऊ घरांत कावीळ झाली. टाकीचेच पाणी पिणाऱ्या ४३ घरांपैकी फक्त एका घरात एक रुग्ण होता, आणि तो मुलगा घरगल्लीच्या तोंडाशी क्रिकेट खेळून झाल्यावर डायरेक्ट नळाशेजारच्या पिंपातले पाणी पीत असे. या आकड्यांत मला सर्वांत बोचलेली गोष्ट अशी की खालचे पाणी भरणारी घरे चाळीतली अधिक काळजी घेणारी घरे होती. तीन जिने उतरून, पहाटे साडेचारला रांग लावून, डोक्यावर कळशी घेऊन वर चढणारी ही माणसे होती. आळस करून मोरीतल्या नळाचे पाणी पिणारे वाचले. टाकीच्या पाण्याविषयी लोकांच्या मनात जो संशय असतो तो बऱ्याच ठिकाणी रास्तही असतो. या चाळीची टाकी मात्र योगायोगाने चांगली झाकलेली होती आणि तिचे पाणी वेगळ्या वाहिनीवरून येत होते.

वेळेचा प्रश्न आम्ही आलेखाच्या कागदावर सोडवला. प्रत्येक रुग्णाला डोळे पिवळे दिसल्याचा दिवस आठवतो, पण आम्हाला हवा होता तो अन्न नकोसे वाटू लागल्याचा पहिला दिवस. तो विचारताना सण उपयोगी पडले. मुंबईच्या चाळीत तारीख विचारली की माणूस गोंधळतो, पण "विसर्जनाच्या आधी की नंतर", "पितृपंधरवड्यात श्राद्ध होते तेव्हा जेवलात का", "घट बसले त्या दिवशी बरे वाटत होते का" असे विचारले की दिवस अचूक हाती येतो. पहिला रुग्ण पितृपंधरवड्याच्या पहिल्या आठवड्यात आजारी पडला होता, सर्वाधिक रुग्ण घटस्थापनेच्या आसपासचे होते, आणि शेवटचा पुढे दिवाळीच्या तोंडावर सापडला. कागदावर एकच टेकडी उमटली, चढ थोडा उभा आणि उतार लांब. दूषित पाणी रोज थोडे थोडे येत राहिले असते तर टेकडीऐवजी पठार दिसले असते. एक टेकडी म्हणजे एकच थोडक्या दिवसांचा प्रसंग. मधल्या रुग्णाच्या दिवसापासून सुमारे चाळीस दिवस मागे मोजले की बोट गोकुळाष्टमीच्या आसपास येऊन थांबत होते. सर्वांत पहिल्या रुग्णाचा आणि तोवर सापडलेल्या सर्वांत शेवटच्या रुग्णाचा दिवस दोन ते दहा आठवड्यांच्या मर्यादेत बसवून पाहिला, तेव्हाही त्या दिवसांना बाध येत नव्हता.

असे गणित केवळ दिशा दाखवते, पुरावा देत नाही. पुरावा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या टेबलावर होता. त्यांचा दवाखाना त्याच गल्लीत तीस वर्षांहून अधिक काळ चालतो आणि ते आजही लाल कापडी पाठीच्या लांबट वहीत प्रत्येक रुग्ण एका ओळीत लिहितात, नाव, वय, खोली, तक्रार आणि घेतलेले पैसे. जुलाबासाठी त्यांची खूण "एल. एम." अशी असते. मी वही गोकुळाष्टमीपासून पुढे वाचत गेलो. एरवी आठवड्याला त्या चाळीतले दोन-तीन एल. एम. दिसत होते. दहीहंडीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवसांत ते १४ झाले होते आणि नंतर एकदम ओसरले होते. चौदापैकी ११ नोंदी खालचे पाणी पिणाऱ्या घरांतल्या होत्या. डॉक्टरांनी त्या वेळी विचारपूस केली नव्हती काय? केली होती. सर्वांनी गोपाळकाल्याला दोष दिला होता. दहीहंडी फुटल्यावर वाटलेल्या काल्यातले दही आंबले असावे असे चाळीने एकमुखाने ठरवले, औषध घेतले, दोन दिवसांत बरे वाटले, आणि दहा दिवसांवर गणपती आलेले असताना त्याचा विचार कोणी पुन्हा केला नाही.

ते जुलाब आणि ही कावीळ एकाच घोटातून आलेली होती. सांडपाण्यातील जुलाबाचे जंतू एक-दोन दिवसांत बोलले आणि विषाणू पाच-सहा आठवडे गप्प राहून मग बोलला. या जोडीला आणखी एक अर्थ होता. दिल्लीत सांडपाणी यमुनेतील पाणीउपशाच्या जागेपर्यंत मागे सरकले आणि डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये काविळीचे सुमारे २९,३०० रुग्ण झाले. ती साथ हेपटायटिस ई विषाणूची होती हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कित्येक वर्षांनी सिद्ध झाले. तेथे शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीन वाढवलेले असल्यामुळे जंतूंचे आजार वाढले नाहीत, विषाणू मात्र निसटला. आमच्या चाळीत जंतूही जिवंत पोहोचले होते. याचा अर्थ मिसळण शुद्धीकरणानंतर, क्लोरीन संपवून टाकण्याइतक्या प्रमाणात, आणि नळाच्या अगदी जवळ झाली होती. मुंबईचे बहुतेक पाणी सुमारे शंभर किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतरावरच्या तलावांतून येते, भांडुपसारख्या केंद्रात शुद्ध होते आणि शेवटच्या काही मीटरांत बिघडू शकते.

ते मीटर घरगल्लीत होते. घरगल्ली म्हणजे काय हे मुंबईबाहेरच्या वाचकाला सांगावे लागेल. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींकडे असतात, त्यांच्यामध्ये जेमतेम एका माणसाला आडवे चालता येईल अशी फट असते, संडासांच्या आणि मोऱ्यांच्या उतरत्या नळ्या त्या फटीत येतात, आणि वरच्या मजल्यांवरून पडलेले सगळे काही तिथेच राहते. जुन्या पाण्याच्या जोडण्याही याच फटीतून, भिंतीच्या पायाला लागून गेलेल्या असतात. अश्विनात ही घरगल्ली कोरडी होती. गोकुळाष्टमीला ती कशी होती, हे विचारल्यावर तळमजल्यावरच्या लोकांनी लगेच सांगितले: घोट्याच्या वर मैला. मागच्या गल्लीत केबलसाठी चर खणला जात होता, त्यात चेंबरपासून मुख्य मलवाहिनीकडे जाणारी चिनी मातीची जुनी नळी फुटली, सुटीमुळे कामगार दोन-तीन दिवस फिरकले नाहीत, वर पाऊस होता, आणि संडासांचे पाणी घरगल्लीत तुंबले. कामगार परत आल्यावर त्यांनीच फुटलेल्या जागी प्लॅस्टिकची नळी बसवली, माती लोटली आणि चर बुजवला. ठेकेदाराने कोणाला कळवले नाही. रहिवाशांनीही वास गेला म्हणून सुटकेचा श्वास सोडला.

आता आम्ही पहाटे पुन्हा गेलो, या वेळी प्रमाणित पद्धत मुद्दाम मोडून. साडेचारला नळ गुरगुरला, आधी हवा आली, मग पाणी. पाणी वाहू न देता पहिल्याच धारेची बाटली भरली. त्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले तेव्हा नळी काचेसारखी स्वच्छ राहिली. पाच मिनिटांनी घेतलेल्या पाण्यात पिवळा रंग आला. पहिल्या धारेच्या बाटलीत कोलिफॉर्म आढळले. नमुना घेण्याची पद्धत चुकीची नाही. वाहिनीतले पाणी कसे आहे हे पाहण्यासाठीच ती आखलेली आहे आणि त्यासाठी नळाच्या तोंडाशी साचलेले पाणी आधी सोडून द्यावे लागते. पण दिवसातले साडेबावीस तास रिकाम्या राहणाऱ्या नळीत काय शिरते ते पहिल्या धारेतच असते, आणि रांगेत पहिला असलेला माणूस ती सोडून देत नाही.

जागा सापडायला खणकाम करावे लागले. भिंतीच्या कडेने वीतभर राड काढल्यावर जोडणीची लोखंडी नळी दिसली आणि एका सांध्यापाशी तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर तार आवळलेली होती. तार गंजून तुटली होती. पट्टी काढली तेव्हा आट्यांपाशी नळी कुरतडल्यासारखी झालेली होती आणि भोकातून माझ्या बॉलपेनची रिफील सहज आत गेली. जलवाहिनीत दाब असतो तोवर अशा भोकातून पाणी बाहेर फवारते आणि फारसे बिघडत नाही. पुरवठा बंद होताच नळी रिकामी होऊ लागते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि भोवती जे असेल ते आत ओढले जाते. येथे त्यात आणखी भर होती. तळमजल्यावरच्या एका मोरीत उलट्या घातलेल्या प्लॅस्टिकच्या बादलीखाली एक छोटी मोटार निघाली, जी थेट त्या जोडणीला लावलेली होती. ती चालू असताना पुरवठ्याच्या वेळेतही नळीतला दाब खाली जात असे. म्हणजे गोकुळाष्टमीच्या त्या दिवसांत केवळ पहिली धारच नव्हे, तर पुढचे पाणीही बिघडलेले असण्याची शक्यता होती. मोटार लावणाऱ्या गृहस्थांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या नळाला एरवी एक बादलीही भरत नव्हती, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा आमच्या यादीत आठवा होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डायरेक्ट नळाची जोडणी मुख्य वाहिनीपाशी तोडून बंद केली गेली. त्या २१ घरांना टाकीचे पाणी प्यायला लावणे हे नळ तोडण्यापेक्षा अवघड काम ठरले. टाकी सर्वांसमक्ष रिकामी करून घासली, ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने धुतली आणि झाकणाला कुलूप लावून किल्ली काकूंकडे दिली, तेव्हा कुठे कळश्या वर येऊ लागल्या. क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या, पण भर दिला तो पाणी खळखळून उकळण्यावर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार शिल्लक क्लोरीन एरवी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे लागते, विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेथे ०.५, घरच्या पिंपात गोळी टाकून हा आकडा रोज गाठला जाईल यावर माझा विश्वास नव्हता.

औषधोपचाराबाबत लिहिण्यासारखे थोडेच आहे, कारण या आजारावर बहुतेकांना विश्रांतीखेरीज दुसरे औषध लागत नाही. यकृतावर ताण आणणाऱ्या गोळ्या, विशेषतः तापासाठी मनाने घेतलेले पॅरासिटामॉल, आणि दारू बंद करणे, सतत उलट्या किंवा झोपाळूपणा आला तर लगेच रुग्णालय गाठणे, एवढे प्रत्येक घरी सांगितले. धोका निराळ्या ठिकाणी होता. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत हेपटायटिस ई झालेल्या स्त्रियांपैकी २० ते २५ टक्क्यांपर्यंत दगावू शकतात. म्हणून पहिल्याच दिवशी चाळीतील गर्भवतींची यादी केली होती. दोघी होत्या, दोघींचे रक्त तपासले आणि दोघींनाही संसर्ग नव्हता. यादी पूर्ण झाली असे मी समजलो.

ती पूर्ण नव्हती. आम्ही चाळीत कोण राहते हे विचारले होते, चाळीत कोण येऊन गेले हे विचारले नव्हते. काकूंच्या शेजारच्या खोलीतील आजी बोलता बोलता म्हणाल्या की त्यांच्या नातीचे डोहाळजेवण गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी झाले, चार दिवस ती माहेरी होती, आता डोंबिवलीला सासरी आहे आणि "तिला जरा पित्त झालंय." त्या घरात खालचेच पाणी भरले जात होते; घरातले कोणी आजारी नव्हते, बहुधा वयस्क मंडळींना पूर्वी कधीतरी संसर्ग होऊन गेलेला असावा. स्वयंसेविकेने गॅलरीतूनच फोन लावला. नात आठव्या महिन्यात होती, पाच दिवसांपासून तिला अन्न जात नव्हते, आणि लघवीचा रंग विचारल्यावर ती म्हणाली की उन्हाळे लागले असेल. त्या संध्याकाळी तिला रुग्णालयात दाखल केले. तपासणीत आयजीएम सकारात्मक होते, काविळीत रक्तात वाढणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य चढत होते, आणि रक्त गोठण्याच्या चाचणीचा आकडा दोन दिवस सीमेवर रेंगाळला. त्या दोन दिवसांत तिच्या आईने रुग्णालयाच्या जिन्यावरची जागा सोडली नाही. तिसऱ्या दिवसापासून आकडा उतरला. ती तेथे सोळा दिवस होती आणि नंतर पूर्ण दिवस भरून बाळंत झाली. आमच्या यादीत ती बारावी आहे, पत्त्याच्या रकान्यात डोंबिवली आणि संसर्गाच्या रकान्यात परळ.

तिच्यानंतर आम्ही पाहुण्यांची वेगळी यादी केली. दहीहंडीच्या आठवड्यात चाळीत मुक्कामाला आलेले आणि त्यानंतर गणपतीसाठी कोकणात गेलेले असे सगळे मिळून ३७ जण निघाले. प्रत्येकाला फोन झाला. आणखी कोणी आजारी आढळले नाही. शेवटचा रुग्ण दिवाळीच्या तोंडावर सापडला, तोही गोकुळाष्टमीपासून दहा आठवड्यांच्या आतला. तेथून पुढे आणखी दहा आठवडे, म्हणजे संक्रांतीपर्यंत, स्वयंसेविका दर मंगळवारी चाळीत जाऊन प्रत्येक मजल्यावर डोळे पाहून येत राहिली. तोडलेल्या जोडणीचा सांध्याजवळचा वीतभर तुकडा, त्यावरच्या ट्यूबच्या पट्टीसह, आरोग्य केंद्रातील कपाटात ठेवलेला आहे. नव्या स्वयंसेविकांच्या प्रशिक्षणात तो हातोहात फिरवला जातो, आणि पाण्याच्या प्रपत्रात आता "स्रोत" या शब्दाऐवजी "सकाळी पिण्याचे पाणी कुठे भरता" असा प्रश्न छापलेला असतो.